बावीस एसी आणि चार फ्लश

म्हापशातल्या एका लॉजवर मला एनर्जी ऑडिटला, म्हणजे वीज कुठे किती जाते ते तपासायला, बोलावलं खरं, पण त्यांना हवा होता तो शिक्का. बावीसही खोल्यांचे जुने एसी काढून फाइव्ह स्टार इन्व्हर्टर बसवायचं ठरलेलंच होतं. मालकांच्या मेव्हण्याचं कोटेशन टेबलावर, आणि बँकेला ऑडिटरचा कागद हवा. मालक म्हणाले, "गणेश चवथीआधी उरकूया, इंजिनिअर."

मी आधी बिलं मागितली. पावसात निम्म्याहून जास्त खोल्या रिकाम्या, तरी बिल म्हणावं तसं उतरत नव्हतं. म्हणून मध्यरात्रीनंतर मेन पॅनलपाशी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) घेऊन उभा राहिलो. पंपाच्या वायरीवर सलग सात-आठ अँपिअर! सगळे झोपलेले, आणि गच्चीवरचा प्रेशर पंप काही थांबेना. रूमबॉयला विचारलं तर म्हणतो, "चार खोल्यांचे फ्लश वाहतात ना, साहेब. मी कामाला लागलो तेव्हापासून." त्यात दाब पुरेसा झाला की पंप बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचं सेटिंग कुणीतरी पिळून वर नेऊन ठेवलेलं, दाब तिथवर चढणार कधी आणि पंप बंद होणार कधी?

दीड किलोवॅट, चोवीस तास. महिन्याला हजारावर युनिटं. सहा रुपयांनी धरली तरी साडेसहा हजार. खर्च काय, तर वॉशर आणि प्लंबरची मजुरी.

मग एसीचा हिशेब मांडला. नवा एसी तासाला अर्धं युनिट वाचवील असं धरलं. सीझनमधल्या शंभर रात्री, रोज आठ तास, म्हणजे वर्षाला चारशे युनिटं, २४०० रुपये. पंचेचाळीस हजारांचा एसी वसूल व्हायला अठरा-एकोणीस वर्षं! तेही खाऱ्या हवेत त्याचा कंडेन्सर, म्हणजे बाहेर उष्णता टाकणारी जाळी, तोवर टिकला तर. तोच एसी रिसेप्शनला लावला, जिथे तो बारा महिने रोज अठरा तास चालतो, तर सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे परत. कॉरिडॉरमधल्या चोकवाल्या ट्यूब तर त्याहून सोप्या: रात्रभर जळतात, एलईडी लावली की चारेक महिन्यांत फिटते. यंत्र किती जुनं हे सगळेच विचारतात, ते किती तास चालतं हे कोणी विचारत नाही.

मालक बराच वेळ कागद बघत राहिले. "मेव्हण्याला काय सांगू?" हे मात्र माझ्या कामात बसत नव्हतं. शेवटी मेव्हण्याला एकाच एसीची ऑर्डर मिळाली, रिसेप्शनच्या.