तपकिरीची डबी, तीही सोन्याची

तपकिरीसाठी सोन्याची डबी करायची, हे आमच्या आर्वीकडच्या गावात सांगितलं तर लोक हसतात. इथं तपकीर म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, पत्र्याची नाहीतर पितळेची डबी, एक चिमूट ओढली की दोन शिंका आणि धोतराच्या सोग्याला डाग. पण 18व्या शतकात पॅरिसचे श्रीमंत लोक हीच चिमूट ठेवायला सोन्याच्या डब्या घडवून घ्यायचे, वरून मीनाकारी आणि त्या मीन्यात व्हीनस, अपोलो, बॅकस अशी सगळी ग्रीक-रोमन देवमंडळी. आमचं घर सोनारकामातलं, त्यामुळे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या साइटवर हे फोटो झूम करून बघताना माझी नजर देवांच्या आधी बिजागरीवर जाते.

आणि ती बिजागरी दिसतच नाही बाप्पा! तपकीर वाळली की वास उडतो, मजा जाते, म्हणून झाकण एकदम घट्ट बसलं पाहिजे, सोनं तर मऊ, दिवसभर उघडझाक चालणार, तरी चांगल्या डबीचा सांधा नकाशीत असा लपवलेला असतो की उघडायची कुठून तेच कळत नाही.

मीन्याचं तर विचारूच नका. मीना म्हणजे शेवटी काचेची पूड, कोबाल्ट घातलं की निळा, तांबं घातलं की हिरवा, आणि तो नाजूक गुलाबी रंग खुद्द सोन्याच्या अंशाने येतो. ही पूड लावून 800 अंशांच्या आसपास भट्टीत वितळवायची, आता शुद्ध सोनं 1064 अंशांना वितळतं पण भेसळ असलेलं त्याच्या बरंच अलीकडे पाघळतं, आणि सांधे जोडणारी झाळ तर त्याच्याही आधी सुटते, म्हणजे कारागिराच्या हातात मोकळीक किती राहिली सांगा. त्यात चित्र एका दमात होत नाही, थरावर थर, प्रत्येक थराला परत भट्टी, जास्त उष्णता सोसणारा रंग आधी. शेवटच्या फेरीत तडा गेला की सगळी मेहनत पाण्यात. जिनिव्हावाले वरून एक पारदर्शक थर द्यायचे, म्हणून त्यांच्या डब्या आजही चकचकीत दिसतात.

चित्रं बरेचदा छापील प्रती समोर ठेवून काढलेली, बूशे या फ्रेंच चित्रकाराची तर फार चालायची. आपल्याकडे रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती छापखान्यातून निघून घरोघरी पोचली तसंच काहीसं. डायना या रोमन देवीची गोष्ट या लोकांची लाडकी: ती आंघोळ करत असताना ॲक्टिऑन नावाचा शिकारी तिला बघतो, ती त्याला हरीण करून टाकते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. काकाला मोबाइलवर दाखवलं तर म्हणे, "काहून बे, देवीच्या फोटोखाली तपकीर ठेवत होते काय हे?"

झाकणाच्या आतल्या बाजूला शिक्के असतात. पॅरिसच्या डबीवर कारागिराचा शिक्का, सालाचं अक्षर आणि कर भरल्याची खूण, म्हणून डबी कोणत्या साली झाली हे बहुतेकदा कळतं. आपल्या हॉलमार्क दागिन्यांवरचा 6 अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, आत्ता आला, त्यांच्याकडे तेव्हाच हे सगळं चालू होतं. फक्त शिक्क्यावर भुलायचं नाही, जर्मनीतल्या हानाऊच्या कारागिरांनी फ्रेंचसारखे दिसणारे शिक्के मारलेल्या डब्याही बाजारात आहेत.

मला सगळ्यात जास्त हसू आलं ते नजराण्याचं वाचून. राजे लोक परक्या राजदूतांना अशा डब्या भेट द्यायचे, कधी झाकणावर राजाची तसबीर, भोवती हिरे. राजदूतही काही कमी नाहीत, डबी परत जवाहिऱ्याकडे न्यायची, रोकडा घ्यायचा, आणि तीच डबी पुढच्या पाहुण्याला नव्याने भेट! हे ऐकून काकाने चष्मा वर केला आणि एकच विचारलं, "घट किती कापत असन तो जवाहिऱ्या?"