अंगठी आधी उलटी करा: व्हिक्टोरियन हिऱ्यांच्या नादातला एक हिवाळा

ऑक्टोबर

संग्रह आवरता घ्यायचं ठरवलंय. राणी व्हिक्टोरिया 1837 ते 1901 अशी 63 वर्षं गादीवर होती आणि तेवढ्या काळात बोटांवरच्या फॅशनी किती बदलल्या याला गणती नाही. तिची स्वतःची साखरपुड्याची अंगठी सापाची, डोक्यात पाचू बसवलेली. तिचं बघून गावभर साप झाले. मग माणिक, पाचू, नीलम यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून शब्द जुळवणाऱ्या अंगठ्या आल्या, सुतकाच्या काळ्या अंगठ्या आल्या, फुलासारखे गुच्छ आले. सगळंच जमवायला गेलं तर पैसे संपतात आणि नजर काही तयार होत नाही. म्हणून यापुढे दोनच प्रकार: हाफ-हूप आणि जिप्सी.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच सांगते. हाफ-हूपमध्ये बोटाच्या वरच्या बाजूला एका ओळीत हिरे असतात, बहुतेकदा पाच. मधला सर्वांत मोठा, कडेला लहान होत गेलेले, आणि बाजूच्या सोन्यावर कोरीव वेलबुट्टी. जिप्सीमध्ये हिरा सोन्यातच बुडवलेला असतो, भोवती ताऱ्याचे किरण कोरलेले. हातमोजा घालताना काही अडकत नाही, म्हणून ही अंगठी बायकांइतकीच पुरुषांच्याही बोटात दिसायची.

दोन्ही प्रकार बहरले ते शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत, आणि त्याचं कारण दक्षिण आफ्रिका. हिरे आधी आपल्याकडून जायचे, मग अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडल्या, त्याही आटत आल्या. 1867 च्या आसपास हॉपटाउनजवळ हिरा मिळाला, 1871 मध्ये किंबर्लीची खाण सुरू झाली, आणि जो दगड सरदारांच्या घरात असायचा तो दुकानदारांच्या, कारकुनांच्या बायकांच्या हातात आला. बर्मिंगहॅमच्या ज्युएलरी क्वार्टरमधल्या बारक्या कारखान्यांनी या अंगठ्या भरपूर घडवल्या. मी राहते तिथून बसने तिकडे जाता येतं. छंद लागला त्यात बसचाही वाटा आहे.

नोव्हेंबर

दिवाळीत एक गोष्ट मुद्दाम केली. खोलीतले दिवे बंद करून पणत्यांच्या उजेडात सगळ्या अंगठ्या पाहिल्या. जुने हिरे ज्या उजेडासाठी पाडले होते तो मेणबत्तीचा, तेलाचा, पुढे गॅसचा. विजेचे दिवे 1880 नंतर हळूहळू आले. आजच्या हिऱ्यात बारीक बारीक पांढरी चमचम असते. जुन्या हिऱ्याचे पैलू मोठे, त्यामुळे तो कमी वेळा चमकतो, पण चमकला की एकदम मोठा लाल किंवा निळा पट्टा उठतो. हात जरा हलवला की पट्टा विझतो आणि दुसरीकडे पेटतो. दुकानाच्या शोकेसमधल्या टोकदार दिव्यांखाली काचही हिऱ्यासारखी वागते, तेव्हा अंगठी हातात घेऊन खिडकीपाशी जाऊ देत नाही तो विक्रेता माझ्या यादीतून बाद.

जुना हिरा ओळखायचा कसा, हे आता मला भिंगाशिवायही बरंच जमायला लागलंय. वरून पाहिलं की मधोमध एक लहानसा गोल दिसतो, आरपार भोक पाडल्यासारखा. हिऱ्याचं खालचं टोक छाटून सपाट केलेलं असतं, तो हा गोल. वरचा सपाट भाग लहान, डोकं उंच, पोट खोल. आकार पूर्ण गोल नसून उशीसारखा चौकोनी गोलसर असेल तर तो ओल्ड माइन कट. हे सौंदर्यासाठीच केलं होतं असं समजू नका. हिऱ्याचा कच्चा खडा बहुधा आठ बाजूंचा, दोन पिरॅमिड पायाशी जोडल्यासारखा असतो. करवत यंत्राची नव्हती, कडा हिऱ्यावर हिरा घासून हाताने गोल करायच्या. अशा वेळी खड्याच्या मूळ आकाराच्या जवळ राहणं यातच वजन वाचायचं. 1870 च्या दशकात कडा गोल करणारं यंत्र बॉस्टनमध्ये तयार झालं आणि हिरे गोल व्हायला लागले. त्यांना आपण ओल्ड युरोपियन म्हणतो. पैलू कोणत्या कोनात पाडले की हिरा सर्वांत जास्त चमकतो, हे टोल्कोव्स्कीचं प्रकाशाचं गणित 1919 चं. म्हणजे ज्या चमकेची आज सवय झालीय ती व्हिक्टोरियाच्या मरणानंतरची आहे.

आणि इथे थोडं आपल्या घरचं. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोहिनूर बघायला रांगा लागल्या आणि लोक नाकं मुरडत परतले, चमकतच नाही म्हणून. राणीचा नवरा अल्बर्ट, त्याने गॅसचे दिवे, आरसे लावून पाहिले. शेवटी 1852 मध्ये हॉलंडहून कारागीर आणून तो पुन्हा पाडला, 186 कॅरटचा सुमारे 105 वर आला. आपला नाशिकचा हिरा, त्र्यंबकेश्वराचा, दुसऱ्या बाजीरावाकडून 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला, त्याचंही लंडनमध्ये तेच झालं. व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच 1837 साली तो लिलावात विकला गेला आणि वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे पोचला. पुढे 1940 मध्ये न्यूयॉर्कला हॅरी विन्स्टनने तो आणखी पाडून 43 कॅरटवर आणला. भारतीय कारागीर वजन राखायचा, लंडनचा चमक काढायचा. गंमत म्हणजे लंडनकरांनी एवढ्या हौसेने पाडलेल्या हिऱ्यांवर विसाव्या शतकाने पुन्हा तीच वेळ आणली. आजोबांच्या काळातला हिरा सोनाराकडे द्यायचा, आधुनिक पाडून घ्यायचा, वरची भुकटी वाया. म्हणूनच जुना पाडलेला हिरा जुन्याच कोंदणात राहिलेला दिसला की मला त्याच्या कॅरटपेक्षा त्याच्या नशिबाचं जास्त अप्रूप वाटतं.

डिसेंबर

बाजार फिरले. घेतलं काही नाही, पण शिकायला भरपूर मिळालं.

जुन्या वस्तूंच्या एका जत्रेत एक सुरेख गुच्छाची अंगठी होती, पाटीवर ‘व्हिक्टोरियन’. समोरून खरंच देखणी, मधे गोल हिरा, भोवती आठ लहान. हिरे चांदीत बसवलेले, मागे सोनं, जसं प्लॅटिनम येण्याआधी करत. सोन्यात हिरा पिवळट दिसतो म्हणून वरून चांदी. सगळं बरोबर. उलटी केली आणि उत्तर मिळालं. डोकं आणि वळं यांच्या सोन्याचा रंग वेगळा, सांध्यापाशी करडा थर, आणि वळ्याच्या आत नुसतं ‘750’. इंग्लंडमध्ये कॅरटचा आकडा न टाकता फक्त दशांश टाकायची रीत 1975 नंतरची. म्हणजे डोकं कधीतरी ब्रोच किंवा टायपिन होतं आणि त्याला पाय फुटले ते अलीकडे. यात फसवणूकच असते असं नाही, कुणी आजीची पिन नातीला अंगठी करून दिलेली असू शकते. पण पाटी तसं सांगत नव्हती आणि किंमतही.

त्यामुळे माझा क्रम आता पक्का झालाय. अंगठी हातात आली की आधी उलटी. समोरचं तोंड सगळ्यांसाठी सजवलेलं असतं, पाठ कुणासाठी नसते. हिऱ्यांमागच्या, हाताने कापलेल्या जाळीच्या भोकांच्या कडा थोड्या असमान असतात, आत करवतीचे ओरखडे दिसतात. ओतीव नव्या अंगठीत आतल्या कोपऱ्यांत बारीक दाणेदार खळगे असतात आणि सगळी भोकं एका साच्यातली. झीज कुठे आहे ते बघा: खरी झीज वळ्याच्या तळाशी आणि शेजारच्या बोटाला घासणाऱ्या कडांवर असते, हिरा धरणाऱ्या नख्यांच्या टोकांवर असते. सगळीकडे सारखी मळकट अंगठी म्हणजे कुणीतरी मुद्दाम म्हातारी केलेली. हिरा तपासायच्या पेनवर फार विसंबू नका. प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही आता जुन्या पद्धतीने पाडून विकतात आणि पेन त्यांना हिराच म्हणणार, कारण ते हिरेच आहेत. जुन्या हिऱ्याची कंबर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग मिळतात ती कड, खडूसारखी पांढरट, न घासलेली असते, तिच्यावर बारीक टवके असतात. हे भिंगाखाली बघायची सवय लावून घ्या.

याच महिन्यात एक सुतकाची अंगठी समोर आली. 1861 मध्ये अल्बर्ट गेला, राणीने काळं घातलं ते कायमचं, आणि देशभर काळ्या मिनाकामाला मागणी आली. ही अंगठी तशीच, काळ्या मिन्यात बारीक हिरे आणि मागच्या काचेखाली वेणी घातलेले केस. फोनवर आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, “अगं, कुणाचे कोण ते! घरात कशाला आणतेस?” माझ्या दोन प्रकारांत ती बसत नव्हतीच, त्यामुळे वाद घातला नाही.

जानेवारी

घेतली! लिलावातून, पाच हिऱ्यांची कोरीव हाफ-हूप.

लिलावाबद्दल आधी एक व्यवहाराची गोष्ट. हातोडा पडतो ती किंमत तुमची नसते. वर खरेदीदाराचं कमिशन, बऱ्याच ठिकाणी चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, आणि त्या कमिशनवर कर. मी शेवटच्या रकमेपासून उलटा हिशोब करून माझा आकडा कागदावर लिहून ठेवते आणि कागद समोर ठेवूनच बोली लावते. लिलावाआधी प्रत्यक्ष बघायचा दिवस असतो, तो चुकवला तर बोली नाही, हा दुसरा नियम.

आता अंगठी. पाचही हिरे ओल्ड माइन, मधला साधारण साडेचार मिलिमीटर, म्हणजे पोट धरून 0.40 कॅरटच्या आसपास. कोंदणातून न काढता मापावरून अंदाज करायचा तर जुन्या हिऱ्याला नव्या तक्त्यापेक्षा थोडं जास्त वजन धरावं लागतं, कारण तो खोल असतो. पाचांचा रंग एकसारखा नाही, एकाच्या पोटात जराशी पिवळी झाक आहे. मला ती हवीच होती. पाचही एकाच छापाचे, बर्फासारखे असते तर बदललेत का अशी शंका घेतली असती. मोठ्या हिऱ्यांच्या मधल्या फटींत वर-खाली रोझ कटचे अगदी इवले हिरे बसवलेत, तळ सपाट, वर घुमट. हे ठिपके नुसत्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत. ज्या कारागिराने ते बसवले त्याला कुणी विचारणार नव्हतं, तरी बसवले.

उलटी केल्यावर: पाचही हिऱ्यांची पाठ उघडी, म्हणजे जुन्या पद्धतीचा बंद कोंदणाखालचा चकचकीत वर्ख नाही. कोंदणांच्या आतल्या कडा हाताने तासलेल्या. वळं एकदा मोठं केलेलं, तळाशी जोडाची रेघ दिसते, पण सोन्याचा रंग जुळतो आणि कोरीवकाम ताणलं गेलेलं नाही. व्हिक्टोरियन अंगठ्या आजच्या बोटांना लहान होतात, तेव्हा जोड असणारच. हाफ-हूप फार वाढवली तर हिरे सैल होतात, म्हणून मी आणखी वाढवणार नाही, करंगळीत घालेन.

शिक्के, म्हणजे सोन्याचा कस तपासून मारलेल्या खुणा: जहाजाचा नांगर, म्हणजे बर्मिंगहॅम. मुकुट आणि 18. साल सांगणारं अक्षर जोडात अर्धं गेलंय. जे उरलंय त्याच्यावरून दोन अक्षरांची शक्यता राहते आणि त्यातलं एक मला जास्त पटतं. ठाम सांगत नाही.

फेब्रुवारी

शिक्क्यांवर गेल्या वेळी बरेच प्रश्न आले होते, म्हणून जरा विस्ताराने. 1854 पर्यंत इंग्लंडमध्ये अधिकृत सोनं दोनच, 22 आणि 18 कॅरट. त्या वर्षी 15, 12 आणि 9 ला परवानगी मिळाली. 1932 मध्ये 15 आणि 12 बंद होऊन 14 आलं. म्हणजे ‘15’ आणि ‘.625’ दिसलं की अंगठी या दोन सालांच्या मधली. ती व्हिक्टोरियनच असेल असं मात्र नाही, 1920 ची पण असू शकते, आणि विक्रेते हे सोयीस्कर विसरतात. चेस्टर गावच्या शिक्क्यात तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या, तिथलं ॲसे ऑफिस, म्हणजे कस तपासून शिक्का मारणारं ऑफिस, 1962 मध्ये बंद झालं. ज्या जिनसांवर सरकारी कर होता त्यांच्यावर 1890 पर्यंत राणीचं डोकंही उमटवत.

शिक्काच नसेल तर घाबरू नका. लग्नाच्या साध्या वेढण्यावर 1855 पासून शिक्का सक्तीचा झाला, पण खडे जडवलेल्या अंगठ्यांना त्या काळात सूट होती, त्यामुळे कितीतरी अस्सल अंगठ्या कोऱ्या आहेत. आजचा कायदाही 1950 पूर्वीच्या जिनसांना सवलत देतो. सोन्याचा कस हवा असेल तर ॲसे ऑफिसमध्ये क्ष-किरणांनी न ओरखडता काढून मिळतो, त्यासाठी कसोटीचा दगड आणि आम्ल लागत नाही.

साफसफाई: उघड्या पाठीच्या अंगठीला कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. बंद पाठीच्या अंगठीला पाण्याचा थेंबही नको, आत शिरला की वर्ख काळा पडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या डबीत दोन्हीपैकी काहीच टाकू नका. माझ्या अंगठीची एक नखी पातळ झालीय. सोनाराला सोनं भरायला सांगताना लेझरने जोड मारायला सांगितलं, ज्योत नको, आणि जुनी नखी कापून नवी बसवू नका असं दोनदा बजावलं. त्याने मान डोलावली, मी तरी समोर बसून राहिले.

मार्च

पुढचं लक्ष्य जिप्सी. एका हिऱ्याची, ताऱ्याचे किरण अजून धारदार असलेली. अडचण अशी की ज्यांचे किरण धारदार आहेत त्यांच्यात बऱ्याचदा हिरा नवा निघतो, किंवा किरण नव्याने कोरलेले. झिजलेल्या किरणांच्या खरेपणाला मी तयार आहे, पण अजून मनासारखी दिसली नाही.

कुणाकडे चेस्टरचा शिक्का असलेली 15 कॅरटची जिप्सी असेल तर तिचे फोटो पाठवा. समोरचा एक पुरे. वळ्याच्या आतले आणि पाठीमागचे मात्र तीन-चार हवेत, खिडकीच्या उजेडात काढलेले.