जावाचं टायमिंग सेट केलं, 3 मिमीसाठी केवढा तो खटाटोप

काकांची 1968 ची जावा 250, म्हैसूरच्या आयडियल जावामध्ये बनलेली, गोठ्याच्या बाजूला कित्येक वर्षं पडून होती, ती मी उचलून पुण्यात आणली. रंगकाम, क्रोम, वायरिंग हे सगळं आटोपलं, इंजिन बोर करून नवीन पिस्टन घातला आणि मग आला इग्निशन टायमिंगचा विषय, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या किती मिमी आधी प्लगला ठिणगी पडायला पाहिजे ते लावणं. ह्या विषयावर दहा जावावाल्यांना विचारा, बारा उत्तरं मिळतील. म्हणून मी काय केलं ते सविस्तर लिहितोय, कोणाच्या तरी कामी येईल.

आधी थोडं बेसिक. ह्या गाडीला सिंगल सिलिंडर, बोअर 65, स्ट्रोक 75, सहा व्होल्टची सिस्टीम आणि बॅटरी-कॉइल इग्निशन. उजव्या बाजूचं कव्हर काढलं की डायनामो दिसतो, आर्मेचर (डायनामोचा फिरणारा भाग) सरळ क्रँकच्या टोकावर बसलेलं, त्याच्यासोबत फिरणारा कॅम आणि बाजूला सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच). कॅमने पॉइंट उघडला की प्लगला ठिणगी. आपोआप अ‍ॅडव्हान्स (म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते) बदलणारी भानगड नाही, म्हणजे किक मारताना जे टायमिंग तेच फुल रेसला पण, त्यामुळे एकदा लावलं ते नीटच लागलं पाहिजे. जास्त अ‍ॅडव्हान्स झालं तर किक उलटी पायावर येते (टू-स्ट्रोक असल्यामुळे कधीकधी इंजिन चक्क उलटं फिरत चालू होतं, पहिला गिअर टाकला की गाडी मागे, हे ऐकीव नाही खरंच होतं), चढावर खडखड आवाज येतो, पिस्टन तापतो आणि शेवटी सीझ, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकूनच बसतो. उशिरा झालं तर गाडी मेल्यासारखी पळते आणि सायलेन्सरचा बेंड निळा पडतो, म्हणजे क्रोमचे पैसे पाण्यात.

नाना पेठेत स्पेअर घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या एका जुन्या मिस्त्रींशी ओळख झाली, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांकडे ना डायल गेज (पिस्टन किती हलला ते मोजणारं काट्याचं मीटर) ना स्ट्रोब (ठिणगीबरोबर चमकणारी टायमिंग तपासायची लाइट). त्यांची पद्धत अशी की चावी ऑन करायची, हेडलाइटवरच्या अ‍ॅमीटरकडे बघायचं आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. पॉइंट मिटलेला असला की कॉइलमधून करंट जातो आणि काटा डिस्चार्जकडे पडतो, पॉइंट उघडला की काटा टुणकन जागेवर. त्या क्षणाला पिस्टन किती खाली आहे ते प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक घालून बघायचं. मला म्हणाले, "तू तुझं मीटर लाव बेटा, पण आधी बेअरिंग बघ."

हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आर्मेचर क्रँकवरच असल्यामुळे उजव्या बाजूचं मेन बेअरिंग ढिलं असेल तर कॅम सुद्धा डगमगणार, मग गॅप, म्हणजे उघडलेल्या पॉइंटमधली फट, एकदा 0.4 मिमी दिसेल एकदा 0.3, अशा गाडीचं टायमिंग लावणं म्हणजे हलत्या बोटीत बसून सुईत दोरा ओवणं. माझी बेअरिंग बोरच्या वेळीच बदललेली होती तरी मी आर्मेचर धरून वर-खाली हलवून खात्री केली.

मग गॅप. लोक इथेच गडबड करतात, आधी टायमिंग लावतात आणि मग "जरा गॅप पण बघू" म्हणून पॉइंट हलवतात. अरे बाबा, गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग अ‍ॅडव्हान्स झालंच, आणि गॅप कमी केला की उशिरा. म्हणून आधी पॉइंट जास्तीत जास्त उघडतो तिथे क्रँक थांबवून फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पट्ट्यांनी) 0.4 मिमी गॅप, स्क्रू टाइट, परत मोजायचं कारण टाइट करताना तो सरकतोच. त्यानंतर गॅपला हात लावायचा नाही.

आता मोजमाप. रिस्टोरेशनमध्ये हेड तसंही उघडं होतं म्हणून प्लगच्या भोकातून मोजायच्या फंदात पडलोच नाही. भोक तिरकं असलं तर गेजचा दांडा पण तिरका सरकतो आणि रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. बॅरल बिडाचं आहे, त्यामुळे डायल गेजचं मॅग्नेट स्टँड त्यालाच मस्त चिकटलं (गेज जुन्या बाजारातून घेतलेलं, चालतं छान). टोक पिस्टनच्या बरोबर मध्यावर ठेवलं, कारण कडेला ठेवलं तर पिस्टन पिनवर झुलतो आणि रीडिंग फसवतं. आर्मेचरच्या बोल्टला पाना लावून तो घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवला, इंजिनही त्याच बाजूला फिरतं. काटा जिथून उलटा वळतो तो टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा), तिथे शून्य. मग क्रँक मागे नेला, पाहिजे त्याच्या बराच खाली, आणि परत पुढे आणत 3 मिमीवर थांबलो. असं मागून पुढे आणायचं कारण कुठेही प्ले असेल तर तो निघून जातो. आमच्याकडचे बहुतेक जुने मिस्त्री 3 मिमीच धरतात, तरी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा, येझदीचा (आयडियल जावाचीच नंतरची गाडी) आकडा डोळे झाकून जावाला लावू नका.

पॉइंट नेमका कधी उघडतो ते बघायला मी सहा व्होल्टचा छोटा बल्ब पॉइंटच्या वायरीला आणि बॉडीला लावला. पॉइंट मिटलेला तर बल्ब बंद, उघडला की पेटतो. मल्टिमीटरचा बीप पण चालतो पण आधी वायर सोडवायला लागते. आणि मॅग्नेटोवाल्या गाड्यांना, राजदूत 175 वगैरे, वायर न सोडवता बीप बंदच होत नाही, कारण कॉइल कायम अर्थला जोडलेली. असो. पॉइंटची प्लेट थोडी ढिली करून बल्ब बरोबर 3 मिमीला पेटेल अशी सरकवली, टाइट केली, परत फिरवून बघितलं, किंचित हललेली, परत केलं. खूप चिकाटीचं काम आहे, चहा सांगून ठेवा.

फायनल झाल्यावर आर्मेचरवर आणि डायनामोच्या बॉडीवर समोरासमोर बारीक रेघ मारली, आता हेड न उघडता कधीही चेक होतं. नंतर मित्राची स्ट्रोब लाइट आणली, तिला बाहेरून बारा व्होल्टची बॅटरी दिली, रेघ एका जागी स्थिर दिसली. ती थरथरताना दिसली तर पॉइंटची स्प्रिंग किंवा बेअरिंग बघा.

चाचांना गाडी दाखवली, त्यांनी स्पोक आणि अ‍ॅमीटरने तपासली आणि नुसती मान डोलावली. म्हणजे गेज नसलं तरी अडत नाही, हात पाहिजे.

एक राहिलं. नवीन पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे येतं. कॅमवर थोडं ग्रीस ठेवलं तर कमी झिजते. माझा गॅप पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच 0.35 च्या आसपास आला होता, तो परत 0.4 केला आणि रेघ जुळवून घेतली. पॉइंटवर निळी-पांढरी ठिणगी फटफट उडताना दिसली तर मात्र टायमिंगला हात लावू नका, आधी कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबायला त्याला जोडलेला भाग) बदला.