पोलोचा आखूड गिअर आणि मोर्शीचा लेथवाला

मागच्या पावसाळ्यापासून माझ्या फोक्सवॅगन पोलोचा गिअर ताकातल्या रवीसारखा फिरत होता. गाडी तिसऱ्यात असतानासुद्धा मूठ डावी-उजवीकडे दोन बोटं सहज हलायची. मी ते चालवून घेत होतो. आपल्याकडे गाडीतलं काहीही जोपर्यंत हातात येत नाही तोपर्यंत ते चालूच असतं.

मग सप्टेंबरात वरूड-मोर्शी रस्त्यावर पराटीनं, म्हणजे कपाशीच्या काड्यांनी, भरलेल्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना तिसऱ्यातून चौथा टाकायला गेलो आणि पडला दुसरा. सत्तरचा वेग होता. इंजिनानं अशी बोंब मारली की ट्रॉलीवर बसलेला माणूस वळून बघायला लागला. क्लच दाबला, गाडी कडेला घेतली, पाच मिनिटं बोनेट उघडून नुसता उभा राहिलो. काही तुटलं नव्हतं. पण त्या दिवशी ठरवलं की गिअरचा बंदोबस्त करायचा.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे माझी अक्कल वाहवत गेली. रात्री मोबाइलवर 'गिअर ढिला' शोधता शोधता मी 'शॉर्ट शिफ्टर'वर पोचलो. मूठ थोडीशीच हलवायची, खट्ट, गिअर पडला! रेसिंगवाल्यांसारखा. दोन दिवस तेच बघत होतो. तिसऱ्या दिवशी साडेचार हजार रुपये भरून पार्सल मागवलं.

गाडी 2013 ची आहे, 1.2 लिटर, तीन सिलिंडर, पेट्रोल, 75 अश्वशक्ती. नागपूरहून सेकंडहँड घेतली तेव्हा ऐंशी हजार किलोमीटर फिरलेली होती, आता सव्वा लाखाच्या वर गेली. बाग ते वरूड, वरूड ते अमरावती, मधे पांदण रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. ती ढिली झाली त्यात गाडीचा दोष नाही. या गाडीला रेसिंगचा गिअर म्हणजे बैलबंडीला अलॉय व्हील, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पार्सल निघालं होतं.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं यंत्राबद्दल. ट्रॅक्टरमध्ये गिअरची दांडी सरळ गिअरबॉक्सात उतरते. पोलोसारख्या गाडीत गिअरबॉक्स पुढे इंजिनाला चिकटून असतो आणि दांडी आपल्या मांडीजवळ. मधे दोन केबली. एक मूठ पुढे-मागे केल्यावर ओढते-ढकलते, म्हणजे गिअर टाकते. दुसरी डावी-उजवी हालचाल पोचवते, म्हणजे पहिला-दुसरा की तिसरा-चौथा, ते ठरवते. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक शाफ्ट वर आलेला असतो. पहिली केबल त्या शाफ्टवरच्या आर्मला जोडलेली असते आणि आर्मवर लोखंडाचं चांगलं वजनदार ढेकूळ असतं.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, तो आर्म बदलायचा. नव्या आर्मवर केबलची खुंटी शाफ्टच्या जवळ असते. शाफ्ट फिरायला पाहिजे तेवढाच फिरतो, पण केबल कमी सरकते, म्हणून मूठही कमी हलते. अंतर वाचलं त्याची किंमत जोरात मोजायची. विहिरीवरच्या रहाटाचा दांडा आखूड केला तर काय होईल, तसंच.

काम अंगणात कडुनिंबाखाली काढलं, रविवारी सकाळी. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार, मग पॉझिटिव्ह, मग बॅटरी, मग तिचा ट्रे. ट्रे निघाल्यावर सगळं समोर दिसतं. केबलीची लॉकं काढली, जुना आर्म कुठे बसला होता तिथे पोराच्या व्हाइटनरनं खूण केली. बाबा चहा घेऊन ओट्यावर येऊन बसले.

"काऊन रे, हे काय खोलून ठेवलं?"

"गिअर आखूड करून रायलो, बाबा."

"त्यानं का होते? अमरावती जवळ येते काय?"

मी उत्तर दिलं नाही, कारण त्याच वेळी माझ्या हातून केबलीचं लॉक निसटलं. नखाएवढी स्प्रिंगची क्लिप. इंजिनाखाली प्लास्टिकची झाकणी असते, तिच्यात कुठेतरी जाऊन पडली. हात जात नाही, दिसत नाही. शेवटी जुन्या स्पीकरचं चुंबक पराटीच्या काडीला बांधलं आणि अर्धा तास झाकणीत मासे धरल्यासारखं फिरवलं. त्यात आधी एक दहाचा नट निघाला, जो माझा नव्हता. मग एक सुई, ती तिथे कशी गेली देव जाणे. मग क्लिप.

नवा आर्म बसला. तो हलका होता, जुन्यासारखं ढेकूळ नाही. बॅटरी जोडली, घड्याळ शून्यावर गेलं होतं ते लावलं, आणि निघालो. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा अडला, पाचवा सापडेचना. फाट्यापर्यंत गेलो आणि दुसऱ्यातच घरी परत आलो.

चूक माझी होती. आर्म बदलला की केबलींची लांबी पुन्हा जुळवावी लागते. त्यासाठी कंपनीनं सोय दिलेली आहे. केबलीच्या टोकाची स्प्रिंगची बोंडी पुढे ओढून फिरवली की ती मोकळी होते. शाफ्ट खाली दाबून बाजूचा छोटा खटका फिरवला की गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये अडकून राहतो. आत गाडीत दांडीच्या बुडाशी भोक असतं, त्यात पिन घालून दांडीही न्यूट्रलमध्ये अडकवायची. मी ड्रिलचा बारीक बिट घातला. दोन्ही बाजू अशा जागेवर धरून मग केबली सोडायच्या, त्या आपोआप लांबी धरतात. दहा मिनिटांचं काम. हे मी वाचलं होतं, पण 'खूण केली आहे ना' म्हणून सोडून दिलं होतं.

आता सगळे गिअर पडायला लागले. मूठ खरंच कमी हलत होती. मी खूश. सोमवारी अमरावतीला जाऊन आलो आणि येताना मोर्शीच्या अलीकडे पुन्हा चौथ्याऐवजी दुसरा!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझा ढिलेपणा होता डाव्या-उजव्या हालचालीत. मी बदललं होतं पुढे-मागेचं. दुखणं गुडघ्याला आणि मलम कोपराला. उलट आता पुढे-मागेचा पल्ला आखूड झाल्यानं चुकीच्या गिअरात घुसायला वेळही कमी लागत होता.

दुसऱ्या दिवशी ट्रे पुन्हा काढला. डाव्या-उजव्या केबलीची हालचाल शाफ्टपर्यंत पोचवणारा एक प्लास्टिकचा छोटा लिव्हर असतो, त्याच्या खुंटीवरचा बुश, म्हणजे खुंटीवर बसणारी छोटी नळी, झिजून अंडाकृती झाला होता. बोटानं हलवला तर खडखड वाजायचा. पूर्ण लिव्हर मागवता आला असता, पण मला तो आत्ता पाहिजे होता. म्हणून बुश खिशात टाकून मोर्शीला, जिथे आमच्या ट्रॅक्टरच्या बुशा होतात त्या लेथवाल्या काकांकडे गेलो.

त्यांनी तो तळहातावर घेतला, चष्मा वर केला. "भाऊ, हे तं बाईच्या कानातल्या डुलाएवढं हाय. गनमेटलचं करू का नायलॉनचं?"

मी ऐटीत म्हणालो, गनमेटल.

"वाजन बरं."

पण केलं त्यांनी. व्हर्नियर लावून तीनदा मोजलं, शेवटचा हात पॉलिश पेपरनं फिरवला. शंभर रुपये घेतले. बसवला, तर डावी-उजवी हालचाल अशी आवळ की बँकेच्या लॉकरसारखी. आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे वाजला. गाडी दोन हजार आरपीएमच्या आसपास आली की मुठीत मुंग्या यायच्या आणि कन्सोलमधून भुंग्यासारखा आवाज यायचा. प्लास्टिकचा बुश तिथे उगाच दिलेला नसतो, इंजिन-गिअरबॉक्सची थरथर तो खातो. धातू सगळी पुढे पाठवतो. चार दिवसांनी पुन्हा मोर्शी. काकांनी काही न विचारता नायलॉनचा दांडा लेथला लावला. मी येणार म्हणून तो बाजूला काढून ठेवला होता की काय, असा मला दाट संशय आहे.

नायलॉननंतर गाडी शांत झाली. मग मी मोजमापाला बसलो, कारण एवढे पैसे घालून 'छान वाटतं' एवढंच म्हणणं मला पटत नाही.

अंतर टेपनं मोजलं, मुठीच्या माथ्याजवळ, पहिल्यातून दुसऱ्यात. जुन्या आर्मवर 12.5 सेंटिमीटर, नव्यावर 9. जोर मोजायला कापसाचा काटा वापरला. वेचाईच्या दिवसात बायांचं ओझं मोजतो तो हुकाचा डिजिटल काटा. हूक मुठीला सुतळीनं बांधला, इंजिन चालू, क्लच दाबलेला, गाडी उभी, आणि न्यूट्रलमधून हळूहळू ओढत दुसऱ्यात. बायको बाजूच्या सीटवर आकडे वाचायला. दहा वेळा ओढून सरासरी काढली. जुन्यावर अडीच किलोच्या आसपास, नव्यावर साडेतीन. तिचं मत, एवढ्या वेळात अर्धा क्विंटल कापूस मोजून झाला असता.

हिशेब बरोबर जुळतो. पल्ला साधारण पाऊणपट झाला तेव्हा जोर चाळीस टक्क्यांनी वाढला. कोणी विकणारा 'आखूड आणि हलका' दोन्ही म्हणत असेल तर त्याला काटा दाखवावा.

आणखी एक गोष्ट काट्यावर दिसत नाही पण हाताला कळते. जुन्या आर्मवरचं ते ढेकूळ बिनकामाचं नसतं. मूठ एकदा हलायला लागली की ते वजन आपल्या झोकात आर्मला पुढे नेतं आणि सिंक्रोजवळची (गिअरचे वेग जुळवणाऱ्या आतल्या रिंगजवळची) खरखर गिळून टाकतं. नव्या हलक्या आर्मवर प्रत्येक गिअर पडताना दातांची टक्कर बोटांपर्यंत येते. काहींना हेच आवडतं. मला अर्धं आवडलं.

सिंक्रोबद्दल एक गैरसमज माझ्याही डोक्यात होता. दांडी आखूड झाली म्हणून आतला गिअर लवकर जुळत नाही. आतली पितळी रिंग गिअर आणि त्याचा फिरता शाफ्ट या दोन्हींचा वेग सारखा होईपर्यंत दातांना अडवून धरते, तेवढा वेळ ती घेणारच. तुम्ही घाई करून दामटलं तर भार तिच्यावर जातो. म्हणजे वेळ वाचतो तो फक्त आपल्या हाताचा, आणि 75 अश्वशक्तीच्या गाडीत तो वाचवून करायचं काय?

खरी परीक्षा चिखलदऱ्याला. मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा, मग धामणगाव गढीच्या पुढे घाट सुरू होतो. वर साडेतीन हजार फुटांच्या पुढे उंची. वळणावळणावर दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा. चढताना मजा आली, हे नाकारत नाही. मनगटाच्या एका झटक्यात तिसऱ्यातून दुसरा, कोपर जागचं हलत नाही. मोथ्याच्या आसपास मी स्वतःशीच हसत होतो. उतरताना मात्र डावं मनगट बोलायला लागलं, आणि परतवाड्याच्या बाजाराच्या गर्दीत पहिला-दुसरा करता करता अक्षरशः वैताग आला.

आणि बाबांचा प्रश्न होताच. ते आठवड्यातून दोनदा वरूडच्या संत्रा मंडीत गाडी नेतात. सत्तरी गाठली आहे, डाव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. दोन आठवडे काही बोलले नाहीत. मग एक दिवस किल्ली टेबलावर ठेवत म्हणाले, "तुया गाडीपेक्षा ट्रॅक्टरचा गिअर मऊ हाय."

मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं. जुना आर्म, ढेकळासकट, परत लावला. नायलॉनचा बुश तसाच, केबली नीट जुळवलेल्या. आणि एक आठवडा तशी चालवली. कबूल करतो, माझ्या तक्रारीचा मोठा भाग तिथेच मिटला होता. मूठ तिसऱ्यात असताना जेमतेम अर्धं बोट हलते. चौथा म्हटलं की चौथा. लेथवाल्याच्या दोन चकरांचे मिळून दोनशे रुपये. साडेचार हजारांच्या पार्सलची त्यासाठी गरज नव्हती.

पण माणूस हट्टी असतो. त्या नव्या आर्मवर खुंटीसाठी तीन भोकं आहेत, मी सुरुवातीला सगळ्यात आखूडवालं वापरलं होतं. आता दुसरं वापरलं, आणि काकांकडून लोखंडाचा एक गोल ठोकळा बनवून आर्मच्या टोकाला नटबोल्टनं आवळला, जुन्या ढेकळाच्या जागी. ट्रेला घासत नाही ना, हे बॅटरी काढून दोनदा पाहिलं. आता पल्ला 10.5 आहे, काट्यावर तीन किलो. खरखर बरीच दबली. बाबांनी मागच्या आठवड्यात मंडीत दोन चकरा केल्या आणि आल्यावर फक्त संत्र्याच्या भावाबद्दल बोलले.

कुणी विचारलं तर सांगेन, आधी बुश बघा, केबल जुळवा, मग महिनाभर चालवा. नंतरही हात शिवशिवत असेल तर आखूड आर्म घ्या, पण मधलं भोक वापरा. आणि घरात गाडी चालवणारे दोघं असतील तर दुसऱ्याला विचारा. मी विचारलं नव्हतं.

एक खोट अजून राहिली आहे. जानेवारीतल्या थंडीत सकाळी पहिला किलोमीटरभर दुसरा अडतो, दोन किलो जास्त मागतो. गाडी तापली की सरळ होतो. गिअरबॉक्सचं ऑइल माझ्याकडे गाडी आल्यापासून बदललेलं नाही, त्या आधीचं कुणाला ठाऊक. डबा आणून ठेवला आहे, भरायचा नट आधी सुटतो का ते बघायचं आणि मगच खालचा खोलायचा. या रविवारी बागेत पाणी पाळी आहे, म्हणून पुढच्या.