सासूबाईंचा नवस आणि वज्रेश्वरीच्या ५२ पायऱ्या

मामंजींची बायपास झाली तेव्हा सासूबाई वज्रेश्वरीला नवस बोलल्या होत्या: सगळं सुखरूप पार पडू दे, पायऱ्या चढून साडीचोळीने ओटी भरीन. मामंजी खडखडीत बरे झाले, रोज तलावपाळीला फेरी मारतात. नवस मात्र तसाच राहिला, कारण मधल्या काळात सासूबाईंचे गुडघे गेले. "आई, मी जाऊन भरून येते," म्हटलं तर म्हणाल्या, "नवस माझा, आणि पाय तुझे कशाला?"

ठाण्याहून भिवंडी, वाडा रस्त्याने अंबाडी नाका, तिथून आत. रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं. मंगळवार, शुक्रवार आणि चैत्र अमावास्येची यात्रा, तिन्ही गर्दीचे म्हणून मुद्दाम टाळले.

ओटी घरूनच नेली. पायथ्याच्या दुकानांत तयार ताट मिळतं, पण त्यातली साडी आरपार दिसेल इतकी विरळ. देवीला नेसवायची ती आपण नेसू अशी असावी, एवढा हट्ट मलाही पटतो.

देऊळ टेकडीवर, भोवती किल्ल्यासारखा दगडी तट. मुळात हे देऊळच नवसाचं. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला साकडं घातलं होतं, किल्ला सर झाला तर देऊळ बांधीन म्हणून. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी वसई सोडली आणि देऊळ उभं राहिलं. वरचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. हे सगळं मी सांगत होते ते सासूबाईंचं दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून. एका पायरीवर दोन्ही पाय, दम खायचा, मग पुढची. पायरीवर कोरलेल्या सोनेरी कासवाला हात जोडून तिथेच टेकल्या. उतरणारी एक बाई म्हणाली, "आजी, झालंच आता." झालं नव्हतं, पण त्या उठल्या.

गाभाऱ्यात मधोमध वज्रेश्वरी, बाजूला रेणुका, कालिका. नऊवारी, तिच्यावर खण, त्यावर नारळ, शेंडी देवीकडे. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. सासूबाईंनी ओंजळ छातीपर्यंत उचलून धरली, हात थरथरत होते, पण मला खालून आधार देऊ दिला नाही. गुरुजींनी ओटी देवीच्या पायाशी लावली आणि नारळ, मूठभर तांदूळ पदरात परत घातले. त्यांनी लगेच गाठ मारली. मामंजी मागून म्हणाले, "नवस माझ्यासाठी ना, मग पेढा मला."

कोणी गुडघेदुखीच्या माणसाला नेणार असाल तर खरी काळजी उतरताना घ्या. आम्ही नवऱ्याला दोन पायऱ्या पुढे, तोंड वर करून चालायला लावलं. नंतर अकलोलीच्या गरम कुंडांवर जरूर जा. पाणी आधी हाताने बघा, काही कुंडांत चटका बसतो. सासूबाई पाय शेकून गाडीत जाऊन बसल्या, तरी मामंजी कुंडावरून हलायला तयार नव्हते.