सिलिंडर कोण पितंय ते सापडलं!

रविवारी दुपारी सापडलं आणि तेव्हापासून कधी एकदा लिहिते असं झालंय. गच्चीवरच्या पॉलिहाऊसमध्ये (प्लास्टिकच्या घरात) भाज्या जोमाने वाढाव्यात म्हणून आपण सकाळी सेन्सरच्या आकड्यावर सिलिंडरमधून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडतो. तो जुलैत अचानक दुप्पट संपायला लागला. गेले पाच आठवडे मी गळती शोधत होते, आणि गळती नव्हतीच.

आधी हिशेब. आपलं पॉलिहाऊस दहा बाय सहा बाय सात फूट, म्हणजे साधारण १२ घनमीटर हवा. ती ४२० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ४२० भाग सीओटू) ९०० वर न्यायला जेमतेम १० ग्रॅम सीओटू लागतो. फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलते असं धरलं तरी सकाळच्या अडीच तासांत ३५ ग्रॅम, आठवड्याला २५०. मे-जूनमध्ये दर रविवारी वजनकाट्यावर हेच येत होतं. (गेजवर जाऊ नका. आत द्रव आहे तोवर दाब जवळपास तोच राहतो, आणि आपल्या गच्चीवर सिलिंडर ३१ अंशांच्या पुढे तापला की आत द्रव आणि वायू वेगळे राहतच नाहीत. शिल्लक किती ते वजनच सांगतं.) जुलैत मात्र आठवड्याला ४१० गेले, मग ५२०, मग ५४०.

पहिला संशय व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरमधल्या वॉशरवर. डीलरने या वेळी दिलेला वॉशर दगडासारखा कडक होता. आठवण करून दिल्याशिवाय हा माणूस नवा वॉशर देत नाही, म्हणून आता मी नायलॉनचे वॉशर स्वतःच आणून ठेवलेत. गॅस मात्र त्याच्याकडचाच घेते, कारण तो डिस्टिलरीच्या किण्वनातून पकडलेला, फूड ग्रेडचा असतो. एक किलो इथेनॉलमागे जवळपास तेवढाच सीओटू निघतो, तोही बराच शुद्ध. धुराड्यातून पकडलेला गॅस नीट धुतला नसेल तर त्यातलं चिमूटभर इथिलीनसुद्धा टोमॅटोची फुलं गाळायला पुरतं. तिथे मी पाच पैसे वाचवणार नाही.

वॉशर बदलला, वजन तसंच घटत राहिलं. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावला, कुठे फुगा नाही. मग सोलेनॉइड, म्हणजे गॅस चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह. रात्री नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवलं आणि फोन समोर लावून रेकॉर्डिंग केलं. पहाटेपर्यंत एक बुडबुडा नाही. सकाळी गॅस सुरू असताना रेग्युलेटरवर पांढरं हिव साचतं, पावसाळ्यातल्या दमट हवेत तर बोटभर. म्हणून वाटलं की आतली सीट (झडप बसते ती जागा) गोठून उघडी राहत असेल. दुसरा रेग्युलेटर लावून पाहिला. फरक शून्य.

तळमजल्यावरचे काका आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. ते म्हणाले, "अगं, गॅसच्या मागे किती लागशील? तो सेन्सर एकदा बाहेर मोकळ्या हवेत नेऊन बघ."

नेला. टाकीच्या बाजूला, वारा समुद्राकडून येत होता. दहा मिनिटांनी आकडा स्थिर झाला: २६२.

मी बघतच राहिले. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत सीओटू २८० च्या आसपास होता, आज ४२० च्या वर. आणि चेंबूरच्या गच्चीवर २६२?

मग सगळं जुळलं. आपला सेन्सर, एमएच-झेड१९बी, दर २४ तासांतलं सर्वांत कमी रीडिंग ४०० समजून स्वतःला जुळवून घेतो. उन्हाळ्यात साडेनऊला पडदे वर जायचे, आतली हवा बाहेरच्या हवेइतकी व्हायची, त्यामुळे सेन्सर बरोबर राहायचा. पाऊस सुरू झाल्यावर सपकारे येतात म्हणून पडदे दिवसभर खाली. शिवाय कोपऱ्यात कुजणाऱ्या खताचा ड्रम, तो रात्रंदिवस सीओटू सोडतोय. आतली पातळी साडेसहाशेच्या खाली जातच नव्हती, आणि सेन्सर त्या साडेसहाशेलाच ४०० म्हणत होता. म्हणजे तो ९०० दाखवायचा तेव्हा आत साडेचौदाशेच्या आसपास असायचे! आठ तासांसाठी ५००० ही मर्यादा असते, त्यामुळे मला धोका नव्हता. पण हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून आता दुसरा सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर बझरसकट लावलाय.

हे आपोआप जुळवून घेणं (ऑटो कॅलिब्रेशन) कमांड देऊन बंद केलं. मग हाताने जुळवण्यासाठी सेन्सर बाहेर वीस मिनिटं ठेवून त्याची एचडी पिन सात सेकंद ग्राउंडला जोडली. हे दुपारी, समुद्राचा वारा असतानाच करा. सकाळी रस्त्यावरच्या गाड्यांमुळे आकडा वर असतो. सेन्सर बाहेरच्या हवेला ४०० धरतो, म्हणून ४०० च्या वरचा फरक मी कोडमध्ये मिळवते.

एक गोष्ट मनापासून सुखावणारी. तसल्याच प्लास्टिकखालच्या, पण बिनगॅसच्या वेगळ्या खोक्यात पालकाची जुडी १६० ग्रॅम भरली, गॅसवाल्यात २१०. लाल माठ दोन्हीकडे सारखाच. तो सी-४ प्रकारचा, म्हणजे पानांत सीओटू स्वतःच गोळा करून वापरणारा, त्याला जास्तीच्या सीओटूचं अप्रूप नाही. तो तसाच राहिला म्हणून पालकाचा फरक गॅसचाच आहे असं मी म्हणू शकते.

दहा किलोचा सिलिंडर सांगणार होते, तो रद्द. ड्रमही बाहेर काढणार होते, पण हे लिहिता लिहिता लॉग उघडला तर सुधारलेल्या सेन्सरवर सकाळी सहाला ११०० दिसतायत, सिलिंडर उघडण्याआधीच! म्हणजे ड्रम आतच राहू दे आणि गॅस सातनंतर सुरू करू. उजाडल्यावर पानं ड्रमचाच वापरतील.

खरी अडचण ऑक्टोबरची. नेदरलँड्समध्ये २००५ पासून रिफायनरीतला सीओटू वापरात नसलेल्या जुन्या तेलवाहिनीतून ग्रीनहाऊसना जातो, पण त्यांच्या थंडीत काचा बंद ठेवणं परवडतं. आपल्याकडे नऊ वाजता पडदे उघडले नाहीत तर रोपं शिजतील. मग ९०० चा हट्ट सोडून, पडदे उघडे असताना पानांपाशी नुसते ४५० टिकवायचे का? तिकडे पिकाखालून भोकांच्या नळ्या फिरवतात. आपल्याकडे ठिबकची १६ मिमी लॅटरल (नळी) पडून आहे.

उद्या तिला वीतभर अंतरावर भोकं पाडते. वजन रविवारी.