झिरप की गळती : गाडीच्या वाढीव वॉरंटीचा हिशेब

गाडीची मूळ वॉरंटी संपायला दीड महिना उरला असताना वर्कशॉपमधून फोन आला आणि पलीकडच्या माणसाने मोठ्या अदबीने विचारले, "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाकायची ना?" मी कराराची पूर्ण प्रत मागितली, तर त्याने माहितीपत्रक पाठवले. पुन्हा मागितली, तेव्हा पुन्हा तेच माहितीपत्रक आले, फक्त या वेळी जरा स्पष्ट स्कॅन केलेले. अखेर तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन १४ पानांचा करार घेऊन आलो आणि पुढचे दोन रविवार त्यातच गेले.

एवढी चिकित्सा करण्याचा माझा स्वभाव नाही. ती लावली आधीच्या गाडीने. त्या गाडीलाही वाढीव वॉरंटी होती आणि ती संपण्यापूर्वीच्या शेवटच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढवलेली असताना मी सहज खाली जाऊन उभा राहिलो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना जोडलेले असतात, त्या सांध्याखाली तळहाताएवढा भाग काळपट, ओलसर दिसत होता आणि त्यावर धूळ चिकटून तिचा लेप झाला होता. सर्व्हिस ॲडव्हायझरने त्यावरून बोट फिरवले, ते अंगठ्यावर चोळून पाहिले आणि खिशातल्या फडक्याला पुसत म्हणाला, "ही झिरप आहे सर, गळती नाही. थेंब पडायला लागले की या." थेंब पडायला लागले ते वॉरंटी संपल्यानंतर तीन आठवड्यांनी. तेलाचे सील स्वतः अगदी किरकोळ किमतीचे असते, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि त्या मजुरीचे बिल मी भरले. वाद घालायला गेलो तेव्हा कळले की त्या दिवशीच्या जॉब कार्डवर ओलीचा उल्लेखच नव्हता. तक्रार तोंडी होती, आणि तोंडी तक्रार म्हणजे काहीच नाही.

म्हणून या वेळी करार हातात येताच मी आधी 'झिरप' शोधली. ती सातव्या पानावर होती: तेलाची किंवा द्रवाची झिरप ही बिघाड मानली जाणार नाही, गळतीमुळे पातळी ठरावीक खुणेच्या खाली गेली तरच दुरुस्ती देय राहील. निदान इथे ते लिहिलेले तरी होते.

अशा करारांत दोन जाती असतात आणि जाहिरातीत त्या एकसारख्याच दिसतात. एका जातीत कोणते भाग सामील आहेत त्याची यादी दिलेली असते आणि यादीत नाव नसलेला भाग आपोआप बाहेर राहतो. दुसऱ्या जातीत कोणते भाग वगळले आहेत त्याची यादी असते आणि उरलेले सगळे आत येते. मोठी यादी पाहून हायसे वाटते, परंतु पहिल्या जातीत यादी जितकी लांब तितकी बरी आणि दुसऱ्या जातीत जितकी आखूड तितकी बरी. आपण कोणती यादी वाचत आहोत हे आधी ठरवून घेतले नाही, तर नेमका उलटा निष्कर्ष निघतो. दोन्हींत ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपरची रबरे, बल्ब, फिल्टर आणि बहुतेक वेळा बॅटरीही बाहेरच असते, कारण ही झीज समजली जाते. अपघात, पाण्यात बुडून बंद पडलेले इंजिन, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे सगळे विम्याचे क्षेत्र असून वॉरंटीशी त्याचा संबंध नाही. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमसाठी किंवा जादा दिव्यांसाठी मूळ वायरिंग कापले असेल, तर विजेच्या पुढच्या प्रत्येक तक्रारीला तेच कारण दाखवले जाते. त्यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. गैर आहे ते 'बंपर टू बंपर' असे मथळ्यात छापून हे सगळे सातव्या पानावर ठेवणे.

कराराचा खरा गाभा मात्र किलोमीटरच्या ओळीत असतो. माझ्या गाडीची मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत होती, आणि वाढीव वॉरंटी ती ५ वर्षे किंवा १ लाख २० हजार किलोमीटरपर्यंत नेणार होती. माझे वर्षाला साधारण २६ हजार किलोमीटर होतात. म्हणजे तिसरे वर्ष संपताना ओडोमीटरवर ७८ हजार असणार, पुढे उरले ४२ हजार, आणि माझ्या चालीने ते १९ महिन्यांत संपणार. मला विकली जात होती ती दोन वर्षे. मिळणार होते १९ महिने. वर्षाला ३५ हजार चालवणाऱ्याची स्थिती आणखी विचित्र होते: त्याची मूळ वॉरंटीच तीन वर्षांच्या आत १ लाखावर संपते आणि वाढीव म्हणून त्याच्या पदरात पडतात जेमतेम सात महिने. उलट वर्षाला सहा हजार चालवणाऱ्याला दोन्ही वर्षे पूर्ण मिळतात, पण त्याच्या गाडीची झीजच इतकी कमी असते की मोठ्या दुरुस्तीची वेळ सहसा त्या काळात येत नाही. ज्याला गरज पडेल त्याला मुदत पुरत नाही आणि ज्याला मुदत पुरते त्याला फारशी गरज पडत नाही, अशी ही आखणी आहे, आणि ती योगायोगाने झालेली नसावी.

यंत्रांच्या बिघाडाचा आलेख अभियंते बाथटबच्या आकाराचा काढतात. सुरुवातीला उत्पादनातले दोष उघडे पडतात म्हणून रेषा उंच असते, मग बराच काळ ती सपाट राहते आणि शेवटी झीज वाढली की पुन्हा चढू लागते. सुरुवातीचा उंचवटा मूळ वॉरंटीच्या पोटात जातो आणि शेवटचा चढ बहुधा वाढीव वॉरंटी संपल्यावर सुरू होतो. आपण पैसे मोजतो ते मधल्या सपाटीसाठी. या एका गोष्टीमुळे, साध्या हाताने गिअर टाकायच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीसाठी वाढीव वॉरंटी घेऊ नये असे माझे मत झाले आहे. ताईची गाडी तशीच आहे. तिलाही असाच फोन आला होता आणि तिने मला विचारले, "अरे, तू घेतोयस तर मीही घेऊ का?" मी म्हटले, "ताई, तू वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवतेस. तेवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेव. मोडले काही तर तिथून दे, नाही मोडले तर ते तुझेच आहेत." तिला ते पटले, आणि लगेच तिने विचारले की मग मी स्वतः का घेतो आहे.

त्याचे कारण माझ्या गाडीतला दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यातले झडपा आणि नियंत्रक एकत्र असलेले मेकाट्रॉनिक युनिट निकामी झाले, तर बहुतेक ठिकाणी ते दुरुस्त न करता बदलतात. मी त्याच्या किमतीचे कोटेशन काढून आणले, तेव्हा वाढीव वॉरंटीची किंमत त्याच्या साधारण पाचवा हिस्सा निघाली. शुद्ध गणिताने पाहिले, तर अशा पाच गाड्यांपैकी किमान एकीचे ते युनिट त्या १९ महिन्यांत जाणार असेल तरच व्यवहार बरोबरीत सुटतो. इतके वाईट प्रमाण असेल असे मला मुळीच वाटत नाही. एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंग रॅक, अल्टरनेटर, टर्बो हे सगळे त्याच पैशात येतात हे धरले, तरी पारडे विकणाऱ्याच्याच बाजूला झुकलेले राहते. तसे नसते तर त्यांनी फोनच केला नसता. परंतु पुढची दोन वर्षे घरात दुसरे मोठे खर्च ठरलेले आहेत आणि त्या काळात गिअरबॉक्सचे बिल एकरकमी भरणे मला खरोखर जड जाईल. गणितापेक्षा थोडे जास्त मोजून तो एक धक्का टाळता येत असेल, तर मला तो टाळायचा आहे. ज्याला ते बिल सहज भरता येते त्याने मात्र या फंदात पडू नये.

वॉरंटी देणारा कोण, हा प्रश्न मी उशिरा विचारला; तो खरे तर पहिला असायला हवा. गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची योजना असेल, तर तिच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये दावा चालतो आणि सहसा वर्कशॉप आणि कंपनी आपसांत हिशेब मिटवतात. तिसऱ्याच संस्थेची योजना असेल, तर काम सुरू करण्याआधी तिची परवानगी लागते, काही ठिकाणी सुरुवातीचे ठरावीक दिवस दावा करता येत नाही, प्रत्येक दाव्याला रकमेची कमाल मर्यादा असते, आणि भाग उघडून पाहिल्यावर दोष करारात बसत नाही असे ठरले तर उघडण्याची मजुरी मालकाच्या माथी येते. मला फोनवर सांगितलेली योजना कंपनीच्याच नावाची होती, पण करारावरचा शिक्का दुसऱ्याच संस्थेचा निघाला. कंपनीची खरी योजना वेगळी होती, थोडी महाग होती आणि तिचे नाव मी विचारेपर्यंत कोणी काढले नव्हते.

गाडी विकताना वॉरंटी पुढच्या मालकाकडे जाते का, हेही पाहून घ्यावे लागते. ह्युंदाईने १९९८ साली अमेरिकेत इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी १० वर्षे किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली आणि ती पुष्कळ गाजली, पण तीसुद्धा पहिल्या मालकापुरतीच होती; दुसऱ्या मालकासाठी ती ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांवर येत असे. विजेवरच्या गाड्यांमध्ये बॅटरीला अनेकदा ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी स्वतंत्र वॉरंटी असतेच, त्यामुळे बॅटरीच्या भीतीपोटी कोणी वाढीव वॉरंटी घेत असेल तर त्याने आधी मूळ कागद काढून पाहावा.

शेवटी मी कंपनीची योजना घेतली आणि तीही १ लाख ५० हजार किलोमीटर मर्यादेची. ती लहान योजनेपेक्षा एक तृतीयांशाने महाग होती, पण माझ्या चालीने तिची दोन्ही वर्षे पूर्ण मिळतात. महिन्याच्या भावाने पाहिले तर ती किंचित महागच पडते. मात्र जादा मिळणारे पाच महिने १ लाख २० हजार किलोमीटरच्या पुढचे आहेत, आणि मला भीती आहे ती त्याच टप्प्याची. किंमत कमी होते का असे विचारल्यावर ती दोनदा उतरली. गाडीच्या कर्जात ती मिळवून देण्याची तयारीही दाखवण्यात आली, ती मी नाकारली, कारण मग वॉरंटीवरही व्याज भरत बसावे लागले असते.

आता दर सर्व्हिसिंग ठरलेल्या किलोमीटरच्या आत आणि नोंदीसह करायचे आहे, कारण एक जरी नोंद चुकली तरी पुढचा दावा तिच्यावर अडू शकतो. फोनमध्ये दोन आठवणी लावून ठेवल्या आहेत. पहिली सर्व्हिसिंगची. दुसरी वॉरंटी संपण्याच्या बरोबर एक महिना आधीची: त्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवून, खाली जाऊन, बॅटरीच्या उजेडात सगळे सांधे स्वतः पाहायचे, आणि कुठे ओल दिसलीच तर ती झिरप आहे की गळती हा वाद तक्रार जॉब कार्डवर लिहून घेतल्यानंतरच सुरू करायचा.